दुभाजक उजव्या हाताला: महामार्गावर उलट दिशेने जाणे कसे टाळावे

इंदूरहून देवासच्या टेकडीवरील देवीच्या दर्शनासाठी, किंवा मानपूर, खलघाट, सेंधव्यावरून धुळ्याकडे निघालेला कोणीही माणूस आज आपण राँग साइडने गाडी घालणार आहोत असे ठरवून घराबाहेर पडत नाही. तरीही इंदूरच्या मांगल्यापासून राऊपर्यंतच्या सुमारे ३२ किलोमीटरच्या बायपासवर सकाळी अर्धा तास उभे राहिले, तर दूधवाले, कॉलेजची मुले, विटांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आणि मधूनच एखादी नवीकोरी कार समोरच्या वाहनांच्या तोंडावर जाताना दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्या अहवालातील नियमभंगांच्या वर्गवारीत अतिवेगाच्या खालोखाल उलट दिशेने वाहन चालवण्याचा क्रमांक लागतो आणि एकूण अपघातांत त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे.

ही चूक महामार्गावर दिसत असली तरी ती बहुतेक वेळा दोन-चार मिनिटे आधीच ठरलेली असते. पंपावरून निघताना, ढाब्याच्या आवारात गाडी वळवताना किंवा वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडताना पुढचा अंडरपास कुठे आहे हे ज्याला ठाऊक नसते, तो उलट्या बाजूला जाण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. म्हणून पुढील सूचनांपैकी बऱ्याचशा गाडी चालवण्याविषयी नसून गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीच्या आहेत.

चूक कशी घडते, हे आधी समजून घ्यावे

उलट दिशेने येणारे चालक तीन प्रकारचे असतात आणि तिघेही रस्त्याच्या वेगवेगळ्या भागातून येतात, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही.

पहिला जाणूनबुजून येणारा. त्याला शेजारच्या कटपर्यंत (वळण्यासाठी दुभाजकात सोडलेल्या फटीपर्यंत) किंवा अंडरपासपर्यंतच जायचे असते. आपण चुकीचे आहोत हे त्याला माहीत असल्यामुळे तो कडेच्या साइडपट्टीला चिकटून येतो, म्हणजे योग्य दिशेने जाणाऱ्या आपल्याला तो डाव्या कडेला भेटतो. दुसरा चुकलेला. त्याला आपण दुतर्फा वाहतुकीच्या साध्या रस्त्यावर आहोत असे वाटत असते, म्हणून तो शिस्तीने आपल्या डावीकडून चालतो. मात्र त्याची डावी बाजू म्हणजे आपली उजवी, दुभाजकालगतची, सर्वांत वेगवान लेन. मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर दुभाजकाला धरून शंभरच्या वेगाने जाणारी गाडी आणि हा चुकलेला माणूस नेमके एकाच पट्ट्यात असतात. तिसरा प्रकार कामामुळे वळवलेल्या वाहतुकीतला. पुलाचे काम चालू असल्याने एका बाजूची वाहने दुसऱ्या बाजूवर घेतलेली असतात. जिथे परत आपल्या बाजूला यायचे तिथला बाण किंवा ड्रम कोणीतरी हलवलेला असतो आणि चालक तसाच पुढे जातो. बायपासवर गेली काही वर्षे उड्डाणपुलांची कामे चालू राहिल्याने इंदूरकरांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे.

धोका किती मोठा, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते आणि समोरून ४० च्या वेगाने येणारी मोटारसायकल सुमारे ११ मीटर. म्हणजे दोघांमधले अंतर सेकंदाला ३३ मीटरने घटते. रस्त्यांची रचना करताना आपल्याकडे चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला अडीच सेकंद लागतात असे धरले जाते आणि ८० च्या वेगासाठी थांबण्याचे अंतर १२० मीटर मानले जाते. या १२० मीटरवरून दोघांनी एकमेकांना पाहिले, तर अडीच सेकंदांत ८३ मीटर संपलेले असतात आणि उरलेले ३७ मीटर पार व्हायला जेमतेम एक सेकंद लागतो. रात्री डिप्परच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यांच्या, उजेडात तर इतके लांबचे दिसतही नाही.

निघण्यापूर्वी: आपली बाजू ठरवावी

नकाशा उघडल्यावर आपण साधारणपणे अंतर आणि वेळ पाहतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: जिथे थांबायचे आहे ते ठिकाण रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे. पेट्रोल, चहा, जेवण, औषधे यांसाठीचे थांबे शक्यतो आपल्या डाव्या हाताचेच निवडावेत. देवासकडे जाताना एक पंप आणि परतताना दुसरा, असे दोन्ही आधीच हेरून ठेवले की समोरच्या बाजूचा पंप दिसल्यावर होणारी घालमेल टळते.

समोरच्या बाजूचे ठिकाण टाळता येत नसेल, तर तिथे जाण्याचा रस्ता जितक्या काळजीने पाहतो तितक्याच काळजीने तिथून निघण्याचा रस्ता पाहावा. नकाशा बोटांनी मोठा करून अंडरपास, सर्व्हिस रोड आणि महामार्गावर चढण्याची जागा या तीन गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. दुभाजकातले जुने कट आता अनेक ठिकाणी बंद केलेले आहेत, पण फोनमधल्या नकाशाला ते कळायला वेळ लागतो. त्यामुळे फोन ‘यू-टर्न घ्या’ म्हणाला आणि समोर लोखंडी कठडा दिसला, तर कठड्यावर विश्वास ठेवावा. घाईघाईने दुसरी फट शोधू नये.

वळसा किती महाग पडतो, हेही एकदा मांडून पाहावे. अंडरपासवरून फिरून यायला ४ किलोमीटर जास्त पडले असे धरले, तर ताशी ४० च्या वेगाने ६ मिनिटे लागतात आणि लिटरमागे ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलला ८० मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे आठ-नऊ रुपये. आमच्याकडे सकाळी दूध घालायला येणाऱ्या भाऊंना मी हा हिशेब सांगितला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, दिवसातून चार फेऱ्या होतात, महिन्याचे हजार रुपये झाले.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच केवळ उपदेशाने हा प्रश्न सुटत नाही आणि रस्त्याच्या रचनेचा विचार पुढे वेगळा केला आहे.

महामार्गावर चढताना: तीन खुणा

सर्वांत मोठा फसवा भाग सर्व्हिस रोडचा आहे. महामार्गाला समांतर जाणारा हा रस्ता प्रत्यक्षात दोन्ही दिशांनी वापरला जातो. त्यामुळे त्यावरून उलट जाणाऱ्याला आपण उलट चाललो आहोत असे वाटतच नाही. मधल्या कठड्यात ठराविक अंतरावर तोंडे असतात. त्यांतली काही महामार्गावर चढण्यासाठी आणि काही महामार्गावरून खाली उतरण्यासाठी असतात. उतरण्याच्या तोंडातून वर चढलेला माणूस थेट समोरच्या वाहनांच्या प्रवाहात जातो.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. एका नवरात्रात पहाटे साडेचारला आम्ही देवासला निघालो होतो. ओळखीचा चहावाला पलीकडच्या बाजूला, म्हणून अंडरपासखालून तिकडे गेलो, चहा घेतला आणि त्याच बाजूच्या सर्व्हिस रोडने देवासच्या दिशेने निघालो. पुढे कठड्यात तोंड दिसले, रस्ता मोकळा होता, गाडी वर घेतली आणि सवयीने डावीकडची लेन धरली. शंभरेक मीटर गेलो असू, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, इकडच्या सगळ्या पाट्या आपल्याकडे पाठ करून का उभ्या आहेत?” खरोखरच समोर करडा पत्रा आणि त्यावरचे नट-बोल्ट दिसत होते, अक्षर एकही नाही. डाव्या काचेला लागून दुभाजकावरची कण्हेर होती. तेवढ्यात लांबून एका ट्रकने अप्पर-डिप्पर मारायला सुरुवात केली. नशीब इतकेच, की त्याने आम्हाला लांबूनच पाहिले होते.

त्या दिवसापासून पाळत असलेल्या खुणा तीन आहेत. दुभाजक नेहमी चालकाच्या उजव्या हाताला असला पाहिजे. तो डाव्या हाताला दिसला, तर बाकी काहीही बरोबर वाटले तरी आपण चुकलेलो आहोत. दुसरी खूण पाट्यांची: आपल्याला त्यांची अक्षरे दिसली पाहिजेत, पाठ नव्हे. तिसरी, रस्त्यावर रंगवलेल्या बाणांची टोके आपल्यापासून पुढे गेलेली दिसावीत, आपल्याकडे रोखलेली नव्हेत. या तिन्ही खुणा वर चढण्यापूर्वी, तोंडाशी गाडी क्षणभर थांबवून पाहता येतात. शेजारी बसलेल्या माणसाला हे काम वाटून द्यावे. चालकाला जे दिसत नाही ते त्याला दिसते, याचा अनुभव वर सांगितलाच आहे.

लाल वर्तुळात पांढरी आडवी पट्टी ही प्रवेशबंदीची खूण सर्वांना माहीत असते. काही ठिकाणी लाल कडेच्या वर्तुळात वर जाणारा बाण छेदलेला असतो, त्याचाही अर्थ तोच.

ढाब्यातून किंवा पंपावरून बाहेर पडताना महामार्गाकडे तोंड करून उभे राहिले की नेहमी डावीकडेच वळायचे, हा नियम पाठ करून ठेवावा. आपल्याला जायचे ठिकाण उजव्या हाताला असेल तर आधी डावीकडे जाऊन पुढच्या अंडरपासवरून परत यावे लागते. पोटभर जेवण झालेल्या, झोप आलेल्या आणि मुले रडत असलेल्या कुटुंबाला हेच नकोसे वाटते.

नवरात्रात इंदूरहून देवासला रात्री पायी जाणाऱ्यांची संख्या मोठी असते, त्यांच्यासाठी एक खुलासा. पायी चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे हे योग्यच आहे, मात्र ते पायांपुरते. सोबत पाण्याच्या बाटल्या घेऊन हळूहळू चालणारी मोटारसायकल किंवा छोटा हत्ती (छोटा मालवाहू टेम्पो) त्या बाजूने उलटा चालवणे मुळीच योग्य नाही.

वळण चुकले तर

राऊला उतरायचे होते आणि पुढे निघून गेलो, तर पुढे जात राहावे. साइडपट्टीवरून रिव्हर्समध्ये मागे येणे हेदेखील उलट दिशेने वाहन चालवणेच आहे, आणि त्यात मागचे नीट दिसत नाही ही भर. वाहतूक तुंबल्यावर हा मोह सर्वांत प्रबळ होतो. जून २०२५ मध्ये अर्जुन बडोद्याजवळ इंदूर-देवास रस्त्यावर झालेली प्रदीर्घ कोंडी ज्यांनी अनुभवली, त्यांना आठवत असेल की अशा वेळी मोकळी दिसणारी पलीकडची बाजू किती जवळची वाटते. पण कोंडीत सापडलेल्या रुग्णवाहिकेला आणि क्रेनला पोहोचण्यासाठी बऱ्याचदा तीच एक बाजू उरलेली असते.

उलट्या बाजूला सापडलात तर

पहिल्या क्षणी वेग कमी करावा, चारही इंडिकेटर चालू करावेत आणि हेडलाइट डिप्परवर चालूच ठेवावेत. ते बंद करण्याची चूक करू नये, कारण आपण दिसणे हीच त्या घटकेची सर्वांत मोठी गरज असते. समोर वाहन नसेल तर गाडी सरळ बाहेरच्या साइडपट्टीवर न्यावी. चुकलेल्या चालकासाठी ती उजव्या हाताला असते. समोर दिवे दिसत असतील तर तीन लेन आडव्या ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. दुभाजकाला चिकटून थांबावे, वाहने जाऊ द्यावीत आणि मोकळीक मिळताच साइडपट्टी गाठावी.

साइडपट्टीवर आल्यावर मुलांना आणि वडीलधाऱ्यांना कठड्यापलीकडे उभे करावे. मग राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करून गस्ती वाहनाची मदत मागावी. तेच सर्वांत सुरक्षित. लांबपर्यंत रस्ता सरळ, मोकळा आणि उजेडाचा असेल तरच गाडीचे तोंड योग्य दिशेला वळवून निघावे. वळणावर, चढाच्या माथ्याजवळ आणि धुक्यात हे कदापि करू नये. आमच्या वेळी ट्रक निघून गेल्यावर दोन्हीकडे पुन्हा पुन्हा पाहून मी गाडी वळवली आणि त्याच तोंडातून खाली उतरलो. पुढे टेकडीपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

दुचाकीस्वाराचे काम त्या मानाने सोपे आहे. इंजिन बंद करून, उतरून, गाडी कडेने ढकलत परत तोंडापर्यंत आणावी.

समोरून कोणी येताना दिसले तर

रात्री दुभाजकालगतची लेन फक्त ओव्हरटेक करण्यापुरती वापरावी. सहा पदरी बायपासवर एरवी मधल्या लेनमधून जाणे बरे, कारण चुकलेला दुभाजकाकडून येतो आणि जाणूनबुजून येणारा डाव्या कडेने. समोरचे दिवे आपल्याच बाजूला आहेत असा संशय येताच ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबावा, म्हणजे मागच्याला सूचना मिळते. दुभाजकाकडून येणारा असेल तर आरसा पाहून डावीकडे सरकावे; डाव्या कडेने येणारा असेल तर आपल्या लेनमध्येच वेग उतरवावा आणि उजवीकडे फक्त आरसा पाहूनच जावे. हॉर्न आणि दोन-तीनदा डिप्पर एवढे पुरे. अप्पर सतत पेटवून ठेवला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो कुठे वळेल ते सांगता येत नाही. थांबून त्याला समज देण्याच्या भानगडीत पडू नये. सोबतच्या माणसाने १०३३ वर कळवावे आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा व आपली दिशा सांगावी. राष्ट्रीय महामार्गावरचा दगड वरून पिवळा असतो, तो आकडा सांगितल्याने ‘ढाब्याच्या पुढे, झाडाजवळ’ असल्या वर्णनांचा वेळ वाचतो.

कायदा थोडक्यात: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये ठरवून दिलेल्या प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणे धोकादायक चालनात स्पष्टपणे गणले जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. उलट दिशेने जाणारा स्वतः जखमी झाला, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याच्या चुकीचा वाटा कापला जातो, हे घरच्यांना बहुधा फार उशिरा कळते.

वसाहतीने करण्यासारखे काम

बायपासला लागून असलेल्या वसाहतीत राहणाऱ्यांनी एकट्याने काळजी घेऊन भागत नाही. दुभाजकातला कट बंद करायचा आणि जवळ अंडरपास द्यायचा नाही, असे झाले की लोक उलटे जाणारच. दूधवाल्या भाऊंचा हिशेब इथे लागू पडतो. म्हणून मागणी करताना ‘कारवाई करा’ एवढेच न लिहिता नेमके काय बांधायचे ते लिहावे.

उतरण्याच्या तोंडाशी दोन्ही कडांना प्रवेशबंदीची पाटी, तीही उलट येणाऱ्याच्या डिप्परच्या उजेडात चमकेल अशी. जमिनीवर बाण. तोंड तिरपे आणि अरुंद ठेवावे, म्हणजे सर्व्हिस रोडवरून उलट येणाऱ्याला गाडी जवळजवळ पूर्ण वळवावी लागेल. मधे उंचवट्याचे छोटे बेट आणि लवचीक खांब लावले तर मोटारसायकलही सहज घुसत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे आणि बाजूंना रेडियमच्या पट्ट्या लावण्याची मोहीम वसाहत आणि ग्रामपंचायत मिळून एका दिवसात करू शकते.

टायर फाडणारे खिळे बसवा, अशी सूचना प्रत्येक बैठकीत कोणीतरी करतेच. पुण्यात २०१८ मध्ये एका मोठ्या वसाहतीच्या रस्त्यावर असे खिळे बसवले गेले आणि वाहतूक पोलिसांनी त्याला आक्षेप घेतला. दुचाकीस्वार त्यावर पडून जायबंदी होऊ शकतो, सततच्या अवजड वाहतुकीने खिळ्यांच्या स्प्रिंगा निकामी होतात, आणि टायर फुटलेली गाडी चुकीच्या बाजूला आडवी बंद पडली तर धोका वाढतोच. मला हा उपाय मुळीच पसंत नाही.

अर्ज करण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी ८ ते ९ या वेळेत त्या तोंडाशी सुरक्षित अंतरावर उभे राहून मोजणी करावी: किती दुचाकी, किती कार, किती ट्रॅक्टर आणि ते कुठून कुठे जात आहेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यावरूनच कोणत्या जागी अंडरपासची किंवा सर्व्हिस रोड जोडण्याची गरज आहे हे ठरते. किलोमीटरच्या दगडाचा आकडा, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक फोटो जोडून अर्ज राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयात, वाहतूक पोलिसांकडे आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावा व पोच घ्यावी. अशा समित्यांची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये आहे आणि त्यांच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर विषय यावा असा आग्रह धरता येतो.

पाटी लागल्यावर एकदा रात्री सर्व्हिस रोडच्या कडेने, उलट येणाऱ्या चालकाला दिसेल त्या बाजूने, चालत जाऊन ती पाहावी. टॉर्च कमरेच्या उंचीवर धरावा, म्हणजे साधारण डिप्परचा उजेड पडतो. पाटी निंबाच्या फांदीआड गेली असेल, चहाच्या टपरीच्या छपराने झाकली असेल किंवा तिच्यावर कोणी कोचिंग क्लासचे पत्रक डकवले असेल, तर तोच फोटो दुसऱ्या दिवशी त्याच अर्जाच्या क्रमांकासह पाठवावा.